हवेतला वायू ओळखायचाय? मॉडेल चालवण्याआधी या चुका टाळा

नवी मुलं एफटीआयआर यंत्रावर (वायू कुठला इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो ते मोजणारं यंत्र) बसली की दुसऱ्याच दिवशी न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुन्यांवरून शिकणारं संगणकी मॉडेल, चालवायची घाई करतात. स्पेक्ट्रम, म्हणजे त्या शोषणाचा आलेख, डोळ्यांनी बघायला कुणी थांबत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

सगळ्यात जास्त दगा देते ती पाण्याची वाफ. एका विद्यार्थ्याचं मॉडेल अमोनिया आणि टोल्युईन ९९ टक्के अचूक ओळखत होतं. मी गॅस सेल (यंत्रात वायू भरायची नळकांडी) कोरड्या नायट्रोजनने धुतला आणि त्यात खिडकीबाहेरची पावसाळी हवा भरली. अमोनियाची खूण म्हणजे ९३० आणि ९६७ प्रति सेंमीला (आलेखावरची जागा या एककात सांगतात) जवळजवळ उभे असलेले दोन टोकदार पीक, म्हणजे सुळके. तिथे रेषा सपाट होती, तरी मॉडेल म्हणालं, अमोनिया. मग तीच हवा सिलिका जेलमधून कोरडी करून भरली. उत्तर आलं, टोल्युईन!

अमोनियाचे सगळे नमुने जुलैत घेतलेले, टोल्युईनचे जानेवारीत. १४०० ते १९०० प्रति सेंमीमधल्या वाफेच्या रेषांवरून मॉडेल फक्त दमटपणा शिकलं होतं. चाचणीचे स्कॅनही त्याच दिवसांतले, म्हणून चूक दिसलीच नाही. अशा वेळी नेटवर्क मोठं करून काहीही साधत नाही.

मी आता एकाच दिवशी सगळे वायू आलटून पालटून घेते, कोरडे आणि दमट दोन्ही. चाचणीसाठी अख्खे दिवस बाजूला ठेवते. आणि नुसत्या हवेचे भरपूर स्कॅन ‘यातलं काहीच नाही’ या नावाने शिकवते. तो पर्याय नसेल तर मॉडेल कुठलं तरी नाव घेणारच.

बॅकग्राउंड, म्हणजे नमुन्याशिवायचा तुलनेचा स्कॅन, सकाळी एकदा घेऊन दिवसभर वापरू नका. मी तासाला घेते.

०.५ प्रति सेंमी रिझोल्यूशनचा, म्हणजे तेवढ्या बारकाव्याचा, लायब्ररी स्पेक्ट्रम (तयार संदर्भ आलेख) ४ प्रति सेंमीच्या यंत्राशी तसाच जुळवू नका. आधी तो आपल्या रिझोल्यूशनला आणा.

अमोनिया स्टीलच्या नळीला चिकटतो. टेफ्लॉनची नळी लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत वायू वाहू द्या. इथे उतावीळपणा नको.

गॅस सेलच्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या (प्रकाश आरपार जायच्या चकत्या) पावसाळ्यात धुरकट होतात. वापर झाला की लगेच डेसिकेटरमध्ये, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यात.

बेंझीनचा पीक ६७४ ला आणि कार्बन डायऑक्साइडचा ६६७ ला, म्हणजे अगदी शेजारी. तेव्हा नमुन्याचा कप्पा उघडून त्यावर वाकून बोलत बसू नका, तुमचा श्वासच स्पेक्ट्रममध्ये उतरतो.