जुन्या मापनयंत्रासाठी ८७४८ चिप प्रोग्रॅम करताना
जुन्या काउंटरमधील किंवा मल्टिमीटरमधील इंटेल ८०४८ मायक्रोकंट्रोलर (यंत्राचे काम चालवणारी छोटी संगणक-चिप) निकामी झाला, तर त्याच्या जागी पिनांची मांडणी तीच असलेली, ईप्रॉमवाली (म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती असलेली) ८७४८ बसवता येते. मात्र आतला १ किलोबाइटचा प्रोग्रॅम त्याच मॉडेलच्या चालू यंत्रातील चिपवरून दोनदा वाचून घ्यावा आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच वापरावा.

नव्याने बसवायच्या ८७४८ च्या काचेच्या खिडकीवरचे लेबल काढून, उरलेला गोंद अल्कोहोलने पुसून ती २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली साधारण २० मिनिटे ठेवावी. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. कोरी झालेली ८७४८ वाचल्यावर सर्वत्र ०० (सगळे बिट शून्य) दाखवते, एफएफ (सगळे बिट एक) नव्हे. कोरी असताना एफएफ दाखवणाऱ्या २७१६ या ईप्रॉम चिपची सवय असलेला माणूस येथे हमखास फसतो आणि चांगली चिप बाद ठरवतो.

खरी मेख व्होल्टेजची आहे. मूळ ८७४८ ला प्रोग्रॅमिंगसाठी २५ व्होल्ट लागतात, तर ८७४८एच ला २१, आणि एच प्रकाराला २५ दिल्यास ती कायमची जळू शकते. म्हणून चिपवरील अक्षरे भिंगाखाली वाचल्याशिवाय प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारे उपकरण) सुरू करू नये. शेवटी भरलेला प्रोग्रॅम मूळ प्रतीशी जुळतो का याची पडताळणी करून खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवावी आणि खाचेची दिशा पाहून चिप सॉकेटमध्ये बसवावी.