जर्मनीत नोकरीला येताय? कामांचा क्रम असा लावा

जर्मनीत सॉफ्टवेअर किंवा इंजिनिअरिंगच्या नोकरीसाठी येणाऱ्याची सुरुवातीची बहुतेक कामं एकमेकांत अडकलेली असतात आणि त्यांच्या मुळाशी असतो पत्ता. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत 'आन्मेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी, करावी लागते. त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. म्हणून तात्पुरती खोली घेतानाही आधी विचारा, "इथे नोंदणी करता येईल का?" उत्तर 'नाही' असेल तर जागा कितीही स्वस्त असली तरी सोडा. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ लवकर मिळत नाही, तेव्हा ती निघण्यापूर्वीच ऑनलाइन घेऊन ठेवा.

नोंदणीनंतर ११ अंकी कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघतो. ते नसेल तर पत्र परत जातं. कुणाकडे राहत असाल तर त्यांच्या नावाखाली आपलं नाव पहिल्याच दिवशी चिकटवा. क्रमांक पगार विभागाला मिळाला नाही, तर सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जड दराने, कपात होऊ शकते. जादा कापलेले पैसे पुढे परत मिळतात, पण नेमक्या याच काळात घराचं डिपॉझिट भरायचं असतं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमीटे'इतकं, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून असलेल्या भाड्याइतकं, घेता येतं. ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, तो वापरा.

खरा विचार करायला हवा तो आरोग्य विम्याचा. सरकारी पद्धतीच्या विम्यात पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या विमासंस्थेचा जादा दर, असा हप्ता असतो. त्यातला निम्मा कंपनी भरते. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर खाजगी विमा घेता येतो, आणि तरुण, निरोगी, एकट्या माणसाला तो बराच स्वस्त दिसतो. इथेच हिशेब चुकतो. सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात, खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. शिवाय परतीची वाट अरुंद आहे: नोकरदाराला साधारणपणे पगार त्या मर्यादेखाली आला तरच परत जाता येतं, आणि वयाच्या ५५ नंतर ते दार जवळजवळ बंदच होतं. कुटुंब येणार असेल तर सरकारी विमाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजारी पडलात तर त्याच सकाळी, काम सुरू होण्याआधी, ऑफिसला कळवा. आजारपण तीन दिवसांहून लांबलं तर चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरांचा दाखला घ्या. काही करारांत पहिल्याच दिवशी दाखला मागतात, म्हणून तो परिच्छेद वाचून ठेवा. सरकारी विमा असेल तर २०२३ पासून दाखला कंपनीला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळतो. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. रजेवर असताना आजारी पडलात आणि दाखला घेतलात, तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. नव्याने आलेले अनेक जण या हक्कावर उगीच पाणी सोडतात.

'प्रोबेत्साइट', म्हणजे परीक्षाकाळ, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. त्यात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. राजीनामा कागदावर, शाईच्या सहीनेच द्यावा लागतो. ईमेलने दिलेला ग्राह्य धरत नाहीत. कंपनीने काढल्याची नोटीसही तशीच कागदावर हवी. तिला कामगार न्यायालयात आव्हान द्यायचं तर मुदत फक्त तीन आठवड्यांची. पाकीट हातात पडलं त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा, आणि समोर ठेवलेल्या कुठल्याही समझोत्यावर तिथल्या तिथे सही करू नका.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला आधी कळवा. त्यांना ३० दिवसांत हरकत घेता येते. कायमच्या वास्तव्याचा परवाना ए१, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी मागता येतो, बी१, म्हणजे मधली पातळी, असेल तर २१ महिन्यांनी. ऑफिस इंग्रजीत चालत असलं तरी संध्याकाळचा भाषावर्ग परीक्षाकाळातच लावा. नंतर कामाचा भार वाढतो आणि वर्ग मागे पडतो.