मॅमोग्राफीचा अहवाल हाती आल्यावर या चुका टाळा

स्तनात नवी गाठ हाताला लागली असताना 'मॅमोग्राफी तर नुकतीच नॉर्मल आली होती' असे म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर टाकणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, कर्करोगाची गाठ पांढरी दिसते आणि स्तनातील दाट ऊतीही पांढरीच दिसते. त्यामुळे दाट स्तनांत गाठ नजरेतून सुटू शकते. ही घनता हाताने चाचपून कळत नाही, ती अहवालातच ए (सर्वांत कमी दाट) ते डी (सर्वांत दाट) अशा चार गटांत नोंदवलेली असते, आणि नेमकी हीच ओळ बहुतेक जणी वाचत नाहीत. अत्यंत दाट स्तन असलेल्या, पण मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या गटाला एमआरआय देऊ केला त्यात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघडकीस येणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण हजारी २.५, तर इतरांत ५ आढळले. याचा अर्थ प्रत्येकीने एमआरआयचा आग्रह धरावा असा नव्हे, कारण त्यात कर्करोग नसतानाही संशय निर्माण होऊन बायॉप्सीची, म्हणजे सुईने ऊतीचा तुकडा काढून तपासण्याची, वेळ येऊ शकते. गट सी किंवा डी असेल, तर पुढे काय करायचे हे मात्र डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

दुसरी गल्लत बाय-रॅड्स या, अहवालात संशयाची पातळी सांगणाऱ्या आकड्याची. शून्य म्हणजे 'काही नाही' नव्हे, तर 'तपासणी अपुरी, आणखी प्रतिमा हव्यात'. तीन असल्यास कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नसते, तरीही साधारण सहा महिन्यांनी सांगितलेली फेरतपासणी चुकवू नये. चार या गटात ही शक्यता २ ते ९५ टक्के इतकी पसरलेली असल्याने, नुसता आकडा पाहून घाबरण्यापेक्षा ४-ए (कमी संशय), ४-बी की ४-सी (जास्त संशय) हे पाहावे आणि बायॉप्सी करून घ्यावी. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, या भीतीपोटी ती टाळण्यात काहीच हशील नाही.

घराण्यात कोणाला नाही म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचेच, कारण आनुवंशिक कर्करोग जेमतेम ५ ते १० टक्के असतात. शिवाय स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातील दोष वडिलांकडूनही येतो. तेव्हा डॉक्टरांना कौटुंबिक इतिहास सांगताना आत्या आणि वडिलांची आई यांना वगळू नये.