दत्तक आणि प्रतिपालक कुटुंबांत एकत्र वाचन: या चुका टाळा

दत्तक किंवा प्रतिपालक (मुलाला काही काळापुरते सांभाळणाऱ्या) कुटुंबात मूल आले की पालक हौसेने पुस्तके आणतात आणि पहिल्याच आठवड्यात मूल पुस्तक भिरकावते, पाठ फिरवते किंवा चकार शब्द न काढता ताठ बसून राहते. ‘याला वाचनाची आवडच नाही’ असे तेवढ्यावरून ठरवून टाकणे ही पहिली घाई होय.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे जवळीक लादणे. गोष्ट म्हणजे मांडीवर बसलेले मूल, हे चित्र आपल्या मनात इतके पक्के असते की त्याशिवायचे वाचन आपल्याला अपुरे वाटते. परंतु ज्या मुलाला सांभाळणारी माणसे वारंवार बदलली आहेत किंवा ज्याने स्पर्शातून दुखापतच अनुभवली आहे, त्याच्यासाठी ती मांडी धोक्याची जागा असू शकते. खरे तर पुस्तकाची मोठी सोय हीच की दोघांची नजर एकमेकांवर नव्हे, तर पानावर असते. मूल खोलीच्या दुसऱ्या टोकाला खेळत असले तरी आपण जमिनीवर बसून मोठ्याने वाचत राहावे. ते ऐकत असते आणि किती जवळ यायचे हे त्यानेच ठरवावे. मूल आणि पालक यांच्यातील भावनिक बंधाचे अभ्यासक जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांच्या कामानेही हेच दाखवले की सांभाळणारी व्यक्ती सातत्याने आणि संवेदनशीलतेने प्रतिसाद देते, तेव्हा मुलाला सुरक्षिततेचा आधार मिळतो. म्हणूनच रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे वाचणे हे रविवारी तासभर वाचण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तरी कंटाळा दाखवू नये, कारण ज्याच्या आयुष्यात पुढे काय होणार हे कधीच ठाऊक नव्हते, त्याला शेवट माहीत असलेली गोष्ट हवीहवीशी वाटते.

दुसरी चूक वाचनाची परीक्षा करण्याची. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडलेल्या संवादी वाचनात मोठ्यांनी प्रश्न विचारत हळूहळू मुलालाच कथेचा सांगणारा बनवायचे असते. ही पद्धत चांगली आहे. पण नव्या घरात प्रश्नांची सरबत्ती चौकशीसारखी वाटते. शाळा बदलत आलेले मूल वाचनात मागे असण्याची शक्यता असते, तेव्हा उच्चार सुधारणे तूर्त बाजूला ठेवावे. अकरा वर्षांच्या मुलाने लहानग्यांचे चित्रपुस्तक मागितले तर ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे म्हणू नये. कदाचित ते त्याच्या वाट्याला कधी आलेच नसेल.

विषयाबाबत दोन टोके दिसतात. काही पालक दत्तकत्वाचीच पुस्तके एकामागून एक पुढे करतात, तर काही जण हरवलेल्या आईचा उल्लेख आला की पान उलटतात. गाळलेले पान मुलाच्या लक्षात येतेच. पुस्तक आधी स्वतः वाचून पाहावे आणि मूल एखाद्या प्रसंगी गप्प झाले तर ‘तुला काय झाले?’ असे न विचारता ‘या पिल्लाला तेव्हा एकटे वाटले असेल’ एवढेच म्हणून थांबावे. बोलायचे असेल तर मूल पिल्लाच्या आडून बोलते, नसेल तर गोष्ट पुढे जाते. जन्मदात्यांना ‘खरे आईवडील’ म्हणण्याची सवयही मोडावी, कारण त्यामुळे समोर बसलेले पालक आपोआप खोटे ठरतात.

झोपण्याच्या वेळेचा आग्रह सोडावा. रात्रीची भीती बाळगणाऱ्या मुलासाठी सकाळ किंवा दुपार बरी. शिक्षा म्हणून गोष्ट बंद करणे मात्र कधीही नको, कारण मुलाला त्यातून ‘माझे वागणे बिघडले की माणसे दूर जातात’ हा जुनाच अर्थ कळतो.

प्रतिपालक घरातून मूल पुढे जाते तेव्हा पुस्तके आपल्या कपाटात ठेवून घेण्याची चूक सर्रास होते. अर्धे वाचून झालेले पुस्तक खुणेसकट त्याच्या सामानात द्यावे आणि शक्य असल्यास उरलेली प्रकरणे आपल्या आवाजात रेकॉर्ड करून सोबत पाठवावीत.