जुनी कोशर (ज्यू धर्मनियमांनुसार केलेली) वाइन उतरली आहे का, हे कसं ओळखावं

बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. लेबलावर ‘मेवुशाल’ म्हणजे तापवलेली असं नसेल, तर उघडणं-ओतणं धर्मपाळ ज्यू व्यक्तीनेच करावं. नाहीतर तिचं कोशरपण जातं.

जुनं बूच चुरा होतं, त्यामुळे दोन पात्यांचा ओपनर घ्या. 50 मिली ओता आणि ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. लाल वाइनची कड विटकरी दिसली तर बिघाड समजू नका, ते वयच आहे. मधला भागही तपकिरी आणि वास शेरी या स्पॅनिश वाइनसारखा असेल, तर हवा लागली. ओल्या पुठ्ठ्याचा वास दूषित बुचाचा, तो जात नाही. कोंदटपणा मात्र बहुधा 15 मिनिटांत उडतो. तोवर निकाल देऊ नका. पण तासभर ताटकळतही ठेवू नका, म्हाताऱ्या वाइनचा सुगंध लवकर मावळतो.