कन्व्हर्टर स्थानकाच्या खरखरीचा अंदाज कसा बांधायचा

चंद्रपूर-पडघे ही ±५०० केव्हीची डीसी लाइन घ्या. तिच्या दोन्ही टोकांना एसीचं डीसी किंवा डीसीचं एसी करणारं कन्व्हर्टर स्थानक आहे. प्रत्येक पोलवर (अधिक आणि उणे असे दोन) बारा-पल्स कन्व्हर्टर, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या दर आवर्तनात बारा, सेकंदाला ६०० वेळा कुठला तरी थायरिस्टर व्हॉल्व्ह (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होतो. दर वेळी त्याच्यावरचं व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांत कोसळतं आणि घंटेवर टोल पडावा तसं यार्ड (स्थानकाचं उपकरणांचं आवार) विद्युत कंपनांनी घुमतं. हीच खरखर एसी लाइनवरच्या पीएलसीसीत (वीजवाहिनीच्याच तारेवरून चालणाऱ्या संदेशवहनात), साधारण ३० ते ५०० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात, शिरते.

तिचा अंदाज स्थानकाचं संगणकीय मॉडेल बांधून घेतात. माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलांना मी आधी ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट विसरायला सांगते. तिच्यावरचा टक्के इम्पीडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) ५० हर्ट्‌झचा. शेकडो किलोहर्ट्‌झला करंट वाइंडिंगच्या वेढ्यांतून न जाता वाइंडिंग, टाकी आणि बुशिंग (तार टाकीबाहेर काढणारा इन्सुलेटर) यांच्यामधल्या कपॅसिटन्समधून पळतो. एका कामात मी नुसता लीकेज इंडक्टन्स, म्हणजे नेमप्लेटच्या इम्पीडन्समागचा वेढ्यांचा इंडक्टन्स, धरला होता. मॉडेल शांत आणि प्रत्यक्षात पीएलसीसीचा चॅनेल खरखरतोय! दोन आठवडे वाया गेले. कपॅसिटन्सचे हवे ते पिकोफॅरड टॅन डेल्टा चाचणीच्या (इन्सुलेशन तपासणीच्या) रिपोर्टात असतात. तो मागून घ्या.

मग बसबार, म्हणजे उपकरणं जोडणारे जाड वाहक. दर मीटरला ढोबळ १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स धरा. ३० मीटर बस आणि ट्रान्सफॉर्मरचे, समजा, ३००० पिकोफॅरड मिळून अनुनाद सुमारे ५३० किलोहर्ट्‌झला येतो, पट्ट्याच्या जेमतेम बाहेर. तीच बस ४० मीटर निघाली तर ४६०, म्हणजे थेट आत. म्हणून लांबी नुसती ड्रॉइंगवरून उचलू नका. शटडाउनमध्ये, परमिट (कामाची लेखी परवानगी) आणि अर्थिंग झाल्यावर, टेप धरून स्वतः मोजा. मॉडेलमध्ये स्मूदिंग रिअॅक्टरच्या (डीसी सपाट करणाऱ्या कॉइलच्या) समांतर त्याचा कपॅसिटन्स टाका, वेव्ह ट्रॅप (पीएलसीसीचा सिग्नल अडवणारी कॉइल) आणि सीव्हीटीही (कपॅसिटरवर चालणारा व्होल्टेज मोजणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या.

व्हॉल्व्ह सोपे आहेत: चालू असलेले जवळपास शॉर्ट, बंद असलेले कपॅसिटर, जो पेटतोय तो व्होल्टेजच्या पायरीचा स्रोत. ही पायरी फायरिंग अँगलच्या (व्हॉल्व्ह किती उशिरा पेटवला ते सांगणाऱ्या कोनाच्या) साइनच्या प्रमाणात असते. १५ अंशांना ती शिखराच्या जेमतेम पाव, ९० अंशांना पूर्ण. त्यामुळे पूर्ण लोडचा, म्हणजे लहान अँगलचा, एकच रन करून रिपोर्ट देऊ नका. अँगल जिथे सर्वांत मोठा होतो ती अवस्था ऑपरेशनच्या लोकांना विचारा आणि तीही चालवा.

शेवटी त्याच शटडाउनमध्ये बुशिंगच्या टोकाशी इम्पीडन्स मोजा. अनुनादाचं शिखर मॉडेलपासून सरकलेलं दिसलं, तर डॅम्पिंगचे (कंपनं विझवणाऱ्या रोधाचे) आकडे फिरवत बसण्याआधी बसची लांबी पुन्हा तपासा.