माउंटन बाइकचं चाक बांधताय? हब निवडताना या चुका टाळा

नवीन चाक बांधून घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा रिमवर होते. रुंदी किती, ट्यूबलेस बसेल का, काळी घ्यायची की चंदेरी. हब, म्हणजे चाकाच्या मध्यातला स्पोक जोडलेला भाग, शेवटी येतो, उरलेल्या पैशात. पण आपल्या खान्देशात सायकल दगा देते ती बहुतेक वेळा हबपाशीच. तोरणमाळचा घाट असो, यावल-रावेरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याचे गाडरस्ते असोत की लळिंगच्या आसपासचा गोट्यांचा माळ, रिम थोडी वाकली तरी ब्रेकची डिस्क हबवर असल्यानं माणूस कसाबसा घरी पोचतो. एक्सल (हबमधून आरपार जाणारा दांडा) तुटला किंवा फ्रीहब (पॅडलचा जोर चाकाला देणारा मागच्या हबचा भाग) घसरायला लागला, तर सायकल ढकलत आणावी लागते. वर सुटा भाग पुण्या-मुंबईहून यायचा, म्हणजे पुढचे काही दिवस सायकल भिंतीला टेकलेली.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. हब आधी फ्रेमला, ब्रेकला आणि कॅसेटला (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) बसणारा हवा, आणि तो जळगाव-धुळ्यातच उघडून दुरुस्त करता यायला हवा. वजन, रंग, आवाज हे सगळं त्यानंतर.

मापं न घेताच ऑर्डर

परत पाठवाव्या लागणाऱ्या हबांमागे हेच कारण सगळ्यात जास्त असतं. "२९ ची एमटीबी आहे", म्हणजे २९ इंची चाकाची माउंटन बाइक, एवढ्या माहितीवर हब मिळत नाही. क्विक रिलीज म्हणजे उघड्या खाचेत बसणारा, खिट्टीनं आवळायचा बारीक एक्सल, आणि थ्रू-एक्सल म्हणजे फ्रेमच्या भोकातून आरपार जाणारा जाड एक्सल. मागच्या हबच्या रुंदीची आज चालणारी मापं मुख्यतः चार: १३५ मिमी क्विक रिलीज, १४१ मिमी क्विक रिलीज, १४२ मिमी बारा मिमीच्या थ्रू-एक्सलसह, आणि १४८ मिमी, म्हणजे बूस्ट, तोही बाराच्या थ्रू-एक्सलसह. पुढच्या चाकाला १०० मिमी क्विक रिलीज, १००×१५ (रुंदी आणि एक्सलची जाडी) आणि बूस्ट ११०×१५.

आकडे जवळजवळचे दिसतात म्हणून "बसेल की" असं वाटतं. तिथेच घोळ होतो. १३५ आणि १४२ चं मूळ शरीर जवळपास एकच. १४२ मध्ये दोन्ही टोकांना साडेतीन-साडेतीन मिमी जास्त असतं, ते फ्रेमच्या खाचेत बसतं. म्हणून काही कार्ट्रिज (बंद, अख्ख्या बदलायच्या बेअरिंगच्या) हबांची टोकं बदलली की १३५ चा हब १४२ होतो. बूस्टचं तसं नाही. २०१४ च्या सुमारास ट्रेक आणि स्रॅमनं हे माप आणलं तेव्हा दोन्ही फ्लँज (हबच्या स्पोक अडकवायच्या कडा) तीन-तीन मिमी बाहेर सरकवल्या, त्यांच्यासोबत डिस्क आणि कॅसेटही सरकली. हेतू हा की २९ इंची चाकात स्पोकना जास्त पसरट कोन मिळावा आणि चाक आडवं कमी लवावं. त्यामुळे १४२ चा हब बूस्ट फ्रेममध्ये नुसत्या वॉशरनं बसत नाही. डिस्कखाली स्पेसर लागतो आणि बऱ्याचदा रिम पुन्हा मध्यावर ओढून घ्यावी लागते.

१४१ ची गंमत वेगळी. बाहेरून क्विक रिलीज दिसतो, म्हणून दुकानदार १३५ चा हब देतो. घट्ट आवळला की फ्रेमचे दोन्ही पाय आत ओढले जातात, सायकल चालतेही. मग डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला घासते, गिअर नीट लागत नाहीत, आणि दोष डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) माथी मारला जातो.

तेव्हा चाक काढा आणि ड्रॉपआउटच्या (फ्रेममध्ये एक्सल बसतो ती जागा) आतल्या दोन पृष्ठभागांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा. खाच खालून उघडी असेल तर क्विक रिलीज, बंद गोल भोक असेल तर थ्रू-एक्सल. थ्रू-एक्सलला आतून खाच असेल तर माप खाचेच्या तळापासून तळापर्यंत घ्यायचं. मोजलेला आकडा कागदावर लिहा, मगच फोन करा.

फ्रीव्हीलचा हब पुन्हा घेणं

आपल्याकडच्या सहा-सात गिअरच्या स्वस्त एमटीबींना मागे आट्यांचा हब असतो, त्यावर फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या चकत्या आणि आतली खटक्यांची यंत्रणा असा एकच भाग, फिरवून बसवलेलं. अशी सायकल डोंगरात न्यायला लागलं की काही महिन्यांत मिस्त्री सांगतो, "भाऊ, एक्सल वाकी गया." नवा एक्सल घालतात, तोही वाकतो. मग हबच बदलायचं ठरतं आणि स्वस्त म्हणून पुन्हा तसलाच आट्यांचा हब येतो.

एक्सलचा दर्जा हे अर्धंच कारण. खरं कारण रचनेत आहे. आट्यांच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला असतं. तिथून ड्रॉपआउटपर्यंतचा एक्सलचा लांब तुकडा कशाचाही आधार नसताना लटकत राहतो, आणि तुमचं वजन, पाठीवरची पिशवी, दगडावरून उतरतानाचा प्रत्येक दणका त्या तुकड्यावर पडतो. सात गिअरला तो तुकडा आणखी लांब होतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाकडे, फ्रेमच्या जवळ असतं, म्हणून एक्सलला वाकायला जागाच उरत नाही. सपाट डांबरी रस्त्यावर कॉलेजला जायचं असेल तर आट्यांचा हब चालेल. डोंगरासाठी नवीन चाक बांधत असाल तर तो घेऊ नका. सात गिअरची कॅसेटही मिळते, आठ-नऊच्या फ्रीहबवर साडेचार मिमीचा स्पेसर घालून ती बसते, जुना शिफ्टरही चालतो.

फ्रीहबचं तोंड कुठलं, हे न विचारणं

कॅसेट ज्यावर सरकते त्या फ्रीहबच्या खाचांचे एमटीबीत तीन प्रकार लक्षात ठेवा. शिमानोचा जुना एचजी, स्रॅमचा एक्सडी आणि शिमानोचाच मायक्रो स्प्लाइन. सगळ्यात लहान चकतीला ११ दाते असतील तर बहुधा एचजी, १० असतील तर बाकीच्या दोनपैकी एक. शिमानोच्या बारा गिअरच्या १०-५१ कॅसेटला मायक्रो स्प्लाइन लागतो, तर ११-५१ ची अकरा गिअरची देओरे एचजीवर बसते. स्रॅमची एनएक्स ईगल बारा गिअरची असूनही एचजीवर चालते. "बारा गिअर" एवढ्यावरून काहीच ठरत नाही, दाते मोजा.

दुसरी गोष्ट धातूची. स्वस्त कॅसेटमध्ये पोलादी चकत्या सुट्या असतात. हलक्या अॅल्युमिनियमच्या फ्रीहबवर त्या जोर लावला की खाचांच्या कडेत रुततात, आणि पुढे कॅसेट काढताना हातोडी घ्यावी लागते. सुट्या चकत्यांची कॅसेट वापरणार असाल तर पोलादी फ्रीहबचा हब घ्या. थोडं वजन वाढेल, वाढू द्या.

ब्रेकच्या बाबतीत एवढंच पाहा: डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक (खाचांवर बसवून एकाच रिंगनं आवळायची). सेंटरलॉक हबवर अॅडॅप्टर लावून सहा बोल्टची डिस्क बसते, उलट मात्र होत नाही. गावातल्या दुकानात सहा बोल्टची डिस्क पटकन मिळते, त्यामुळे शंका असेल तर तीच निवडा.

बेअरिंगकडे दुर्लक्ष

इथली धूळ पिठासारखी बारीक. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की ती हवेतच तरंगते. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून फोर्कमध्ये ठासून बसते. हबचं सील या दोन्हीशी झगडतं, म्हणून मी हब हातात घेतला की पहिलं सील बघतो.

कोन (एक्सलवरची शंकूसारखी नट) आणि छर्ऱ्यांचा हब वाईट नाही, उलट नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं चालतो, आणि छर्रे कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतात. शिमानोच्या नेहमीच्या हबमध्ये मागे पाव इंचाचे नऊ-नऊ, पुढे तीन-सोळांश इंचाचे दहा-दहा. मात्र तो वेळेवर उघडायला हवा. उघडल्यावर कोन पुसून उजेडात धरा. छर्रे फिरतात तिथे एक गुळगुळीत चकचकीत पट्टा दिसला तर सगळं ठीक. त्या पट्ट्यावर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे दिसले, नखाला अडखळले, तर कोन बदला. कोन बदलता येतो, पण हबच्या आतला कप खड्ड्यांचा झाला की हब संपला. म्हणून कोनवरचा पहिला खड्डा दिसताच काम करून घ्यायचं, पुढच्या पावसाळ्याची वाट बघायची नाही.

कार्ट्रिज बेअरिंगचा हब घेत असाल तर बेअरिंगचा नंबर विचारा. ६९०२ सारखा चालू नंबर असेल, म्हणजे आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिमी, तर बेअरिंगच्या कुठल्याही बऱ्या दुकानात तो विचारता येतो. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच मागा, पत्र्याच्या झाकणाचं नको.

आणि वॉशिंग सेंटर. मोटरसायकलच्या शेजारी उभी करून प्रेशरच्या पाण्याची धार थेट हबवर मारली, की पाणी सीलमधून आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. चिखल वाळू द्या, ब्रशनं झाडा, साध्या पाइपनं वरून पाणी सोडा.

ग्रीसचीही एक सवय मोडायला हवी. ट्रॅक्टरच्या गॅरेजमधलं घट्ट ग्रीस बेअरिंगला चालून जातं, फ्रीहबच्या आत चालत नाही. त्यात पॉल (फ्रीहबमधले खटके) चिकटतात, वेळेवर बाहेर पडत नाहीत, आणि जानेवारीच्या गार पहाटे तर पॅडल रिकामं फिरतं. फ्रीहबला पातळ ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

पॅडलवर जोर देताना झटका बसत असेल तर आधी गिअर बदलून बघा. एक-दोन चकत्यांवरच होत असेल तर चेन किंवा कॅसेट झिजली आहे. प्रत्येक गिअरमध्ये होत असेल तर फ्रीहब उघडा. नव्या हबचा खर्च करण्याआधी हे तपासाच.

आवाज आणि दात्यांच्या मागे लागणं

फ्रीहब किती अंशांत पकड घेतो याची फार चर्चा असते. हिशोब सोपा आहे: ३६० भागिले पकडीच्या जागा. ३६ जागा म्हणजे १० अंश, ५४ म्हणजे साधारण पावणेसात. दगडांतून संथ चढताना, अर्धं पॅडल मारून पुन्हा मारायचं असतं तिथे हा फरक पायाला कळतो. घाटातल्या सलग चढावर काही फरक पडत नाही, कारण तिथे पॅडल थांबतच नाही. ३६ जागांचा दमदार हब बहुतेकांना पुरतो. मोठ्या किर्र आवाजाचा आणि दर्जाचा संबंध नाही.

स्पोक आधी, हब नंतर

इथे पैसे सरळ वाया जातात. भोकांची संख्या रिम आणि हबची एकच हवी, ३२ ला ३२. जुनी ३६ भोकांची रिम ठेवायची असेल तर ३६ भोकांचाच हब शोधा. वजनदार चालवणाऱ्यानं २८ च्या नादी लागू नये.

सरळ स्पोकचे हब दिसायला छान. पण त्यांचा स्पोक धडगावात काय, नंदुरबारातही मिळेल याची खात्री नाही. वाकड्या मानेचा १४ गेजचा, म्हणजे २ मिमीचा स्पोक सायकलच्या दुकानात असतोच, लांबी जास्त असली तर मिस्त्री कापून आटे पाडून देतो. डोंगरात जाणाऱ्यानं अशा स्पोकचाच हब घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लांबी हबची मापं हातात आल्यावरच काढायची. उदाहरण म्हणून, रिमचा स्पोकसाठीचा प्रभावी व्यास ६०० मिमी, ३२ भोकं, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना छेदून जातो), फ्लँजचा व्यास ५८, मध्यापासून फ्लँजचं अंतर ३५ मिमी धरलं तर स्पोक साधारण २९१ मिमी येतो. दुसऱ्या बाजूला तेच अंतर २० असेल तर २८९.५. फ्लँजचा व्यास ५८ ऐवजी ४५ झाला तर पहिल्या बाजूची लांबी २९३ वर जाते. म्हणजे हब बदलला की आधी आणलेले स्पोक दोन मिमीनं कमी पडू शकतात, आणि निपलमध्ये (रिमपाशी स्पोक आवळणारी छोटी नट) दोन मिमी कमी आटे म्हणजे जोर आला की निपलचं डोकं तुटणार.

दोन्ही बाजूंची लांबी वेगळी येते, तेव्हा दोन्ही मापांचे चार-चार स्पोक जास्त आणा. हबसोबतच बेअरिंगची एक जोडी किंवा डाव्या-उजव्या बाजूचे कोन, आणि फ्रीहबच्या पॉल-स्प्रिंगचा संच मागवून ठेवा. दोन-तीन वर्षांनी तेच मॉडेल बाजारात असेलच असं नाही.